आजीवन परवाना

दारू पिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ठिबकच्या नळ्या विकायच्या म्हणजे दुकानदारांबरोबर बसावं लागतं, आणि सोलापूर जिल्ह्यातले दुकानदार एकदा बसले की लवकर उठत नाहीत. पण सरकारची रीतसर परवानगी घेऊन पिणारा माणूस माझ्या आयुष्यात एकच आला. ते आमचे साहेब.

आपल्या राज्यात दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ज्यांना सांगावं त्यांना ती थट्टा वाटते. साहेबांकडं मात्र आजीवन परवाना होता, लॅमिनेट केलेला, शर्टाच्या खिशात पेनाच्या मागं ठेवलेला. त्यावरचा फोटो टायफॉइडमधून उठल्यावर काढलेला. गाल आत गेलेले, डोळे तेवढे शिल्लक. मी एकदा म्हटलं, "साहेब, फोटो बदलून घ्या." तर म्हणाले, "त्या तारखेला मी तसाच दिसत होतो की."

याच परवान्यापायी पुढं त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ आली. ते सांगणारच आहे, पण त्याआधी साहेब काय चीज होती ते सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, काहीही सांगतोय.

प्यायचे म्हणजे किती? शनिवारी संध्याकाळी दोन पेग. बरोबर कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाचटणी. तिसरा पेग कुणी भरायला लागलं तर ग्लासावर हात ठेवायचे. त्यांचा ब्रँडही एकच, ना महाग ना स्वस्त. दोन पेगनंतर ते जास्तीत जास्त काय करायचे, तर जुन्या पाइपलाइनच्या गोष्टी सांगायचे. त्या ते न पिताही सांगायचे. पण गंमत अशी की आमच्या धंद्यातले रोज झिंगणारे सगळे कागदोपत्री निर्व्यसनी, आणि जिल्ह्यात नोंदलेला दारुडा कोण, तर साहेब. दुकानदार त्यांना ‘परमिटवाले साहेब’ म्हणायचे. साहेबांच्या पत्नी, आमच्या बाईसाहेब, वैतागून म्हणायच्या, "हे पितात त्याचं मला काही नाही हो. पण कागद काढून पितात."

मी नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. पहिलाच दौरा, शनिवारच. मोडनिंबच्या अलीकडं एका वाइन शॉपसमोर साहेबांनी गाडी थांबवायला लावली. माझ्यासाठी बिअर घ्यायचं ठरलं. दुकानदारानं बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि साहेब म्हणाले, "यांचा एक दिवसाचा परवाना फाडा."

दुकानदाराचा चेहराच उतरला. त्याला वाटलं, धाड आली. "साहेब, आमचं काय चुकलं का?"

"चुकलं काही नाही. परवान्याचं पुस्तक असतं की तुमच्याकडं. ते काढा."

पुस्तक होतं. पण ते फ्रिजच्या एका पायाखाली होतं, कारण फरशी खाली-वर होती. शेजारच्या पंक्चरवाल्याला बोलावून फ्रिज उचलावा लागला. मागं ही रांग लागली. त्यातला एक जण ओरडला, "ओ मामा, बाटलीसंगं लगीन लावताय व्हय ह्यांचं?" दुकानदारानं माझं नाव, वय, पत्ता लिहून घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं सगळं होईतो बिअर गरम झाली होती. साहेब मात्र बाजूला उभे राहून, मुंजीत पहिली भिक्षा घेणाऱ्या मुलाकडं बघावं तसं कौतुकानं माझ्याकडं बघत होते.

मध्यंतरी महामार्गाजवळ दारू विकायची नाही असा निकाल आला, ठरावीक अंतराच्या पलीकडंच विकायची. आमच्या नेहमीच्या परमिट रूमचा मालक हादरला. हॉटेल हलवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं वाट हलवली. अंतर चालत्या वाटेनं मोजतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. पुढचा दरवाजा त्यानं बंद केला आणि शेजारच्या मोकळ्या जागेत पत्रे ठोकून एक बोळ तयार केला. इकडून तिकडं, तिकडून इकडं. त्या बोळातून पार जाईतो अंतर भरत होतं. अर्थात दरवाज्याशेजारच्या भिंतीत त्यानं माणूस मावेल एवढी फट ठेवली होती आणि सगळं गिऱ्हाईक त्या फटीतून आत जायचं.

आम्हांला तिथं माढ्याच्या एका बड्या दुकानदारानं बोलावलं होतं. वर्षाची ऑर्डर त्याच्याकडून यायची होती. तो फटीतून आत गेला, मीही गेलो. साहेब बॅग घेऊन पत्र्याच्या बोळात शिरले. "साहेब, हितनं या की, हितनं," दुकानदार ओरडला. पण साहेब गेले ते गेलेच. आम्ही टेबलाशी बसलो तर त्यांच्या बुटांचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा, परत जवळ यायचा. एकदा तर ते आमच्यापासून हातभर अंतरावर, पत्र्याच्या पलीकडं होते. दुकानदारानं पत्र्यावर टकटक करून विचारलं, "साहेब, काय मागवू?"

पलीकडून उत्तर आलं, "मी अजून पोचलेलो नाही."

दुकानदार इतका हसला की त्याला ठसका लागला. ऑर्डर मात्र त्यानं दिली. म्हणाला, "ह्यो माणूस नळीत पण फसवायचा न्हाय." पुढं तो नियम सैल झाला, पुढचा दरवाजा पुन्हा उघडला, बोळात मालकाच्या कोंबड्या राहायला लागल्या. तरी साहेबांनी नवा आदेश स्वतः वाचल्याशिवाय वाट बदलली नाही. कोंबड्या चुकवत यायचे.

अक्कलकोटच्या पलीकडं तर त्यांनी कहर केला. आमचं एक गिऱ्हाईक होतं, त्याचं रान दोन राज्यांच्या हद्दीला लागून. एक बांध ओलांडला की कर्नाटक. आमच्याकडं कसलंसं मतदान होतं, म्हणून ड्राय डे. पलीकडं दुकानं उघडी. शेतकऱ्यानं हौसेनं साहेबांचा ब्रँड आणायचं ठरवलं, तर साहेब म्हणाले, मी स्वतः येतो. तिथल्या दुकानात त्यांनी सवयीनं परवाना काढून पुढं केला. गल्ल्यावरचा माणूस "बेडा, बेडा" म्हणजे नको, नको म्हणत तो न बघताच परत सरकवायला लागला. तिथं लागतच नाही. साहेब एवढे हिरमुसले की विचारू नका. "लागत नसेल," ते म्हणाले, "पण माणसानं एवढं काढून दाखवलं तर निदान बघावं तरी."

परत रानात आलो. शेतकऱ्यानं लिंबाखाली बाज टाकली होती. साहेबांनी ती उचलून बांधाच्या पलीकडं, शेजाऱ्याच्या रानात ठेवायला लावली. चटणीचं ताट अलीकडंच राहिलं. मी म्हटलं, "साहेब, ते पण घेऊ का तिकडं?" तर म्हणाले, "राहू दे. चटणीला ड्राय डे नसतो." आणि दर घासाला महाराष्ट्रात हात घालून ते कर्नाटकात पीत राहिले. उरलेली बाटली हद्दीच्या आत आणता येत नाही म्हणून ती त्यांनी बांधापलीकडच्या मातीत ओतली. शेतकऱ्यानं तोंड फिरवलं. त्याला ते बघवेना.

आता मुलीचं. मुलगी शेतकी शाळेत शिकवायची. तिथल्याच एका तरुण शिक्षकाशी तिचं जमलं. मुलगा सरळ, घर चांगलं, पत्रिकाही बघून झाली. अडचण एकच, मुलाची आई. अक्कलकोट तालुक्यातलं हद्दीकडचं गाव. तिकडं घरात कन्नड, बाहेर मराठी. आईला अव्वा म्हणतात आणि या बाईंना तर सगळं गावच अव्वा म्हणायचं, कारण गावातलं दारूचं दुकान त्यांनी बंद केलं होतं. बायकांचं मतदान घेऊन. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला जास्त मतं पडली की दुकान बंद. अव्वांनी घरोघर फिरून बाटली आडवी केली होती, आणि सोयरीक करताना त्यांचा मुलीच्या बापाला एकच प्रश्न असायचा.

अव्वांकडं बोलणी करायला निघायच्या आधी मुलगी माझ्यादेखत साहेबांना म्हणाली, "पप्पा, एवढंच म्हणा, मी पीत नाही. एवढी एकच गोष्ट करा माझ्यासाठी."

साहेबांनी परवाना खिशात सरकवला आणि बूट घालायला घेतले. तिचा आवाज रडवेला झाला होता आणि मला साहेबांचा मनापासून राग आला. माणसं मुलींसाठी काय काय करतात, यांना तीन शब्द जड झाले होते.

अव्वांच्या सोप्यात आम्ही बसलो. समोर अव्वा आणि त्यांच्या बचतगटाच्या दोघीतिघी. कोपऱ्यात मुलगा, मान खाली. पोहे झाले, चहा झाला, मग अव्वांनी थेट विचारलं, "पावनं, घेता का कदी?"

साहेब उठून उभे राहिले. खिशातनं परवाना काढला आणि दोन्ही हातांनी अव्वांच्या पुढं धरला. मी डोळे मिटले. बाईसाहेबांनी पदर तोंडाला लावला.

अव्वांनी चष्मा लावला आणि तो कागद वाचायला घेतला, अगदी अक्षर अक्षर. आम्ही इतकी वर्षं तो परवाना बघत होतो, पण वाचला कुणीच नव्हता. अव्वा मोठ्यांदा वाचत गेल्या. परवानाधारकाला प्रकृतीच्या रक्षणासाठी मद्याची आवश्यकता असल्यामुळं, असं काहीतरी तिथं छापलेलं होतं. अव्वा थांबल्या. चष्म्यावरनं त्यांनी साहेबांकडं बघितलं, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, काळजी होती.

"काय झालंय हो तुमाला?"

"मला? काही नाही."

"न्हाय कसं? हितं लिवलंय की. आजीवन म्हंत्यात. म्हंजे बरं व्हनारं न्हाय."

शेजारची बाई वाकून म्हणाली, "अव्वा, फोटू बगा की. किती वाळल्यात."

तिसरी हळू आवाजात बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "पोरीला पन आसंल का ते? रक्तातनं येतंय काय काय."

झालं. दारू राहिली बाजूला आणि मुलीच्या तब्येतीवर गाडी आली. मी सावरायला गेलो, "अव्वा, ते सगळ्याच परवान्यांवर तसं छापील असतं."

"छापील हाय म्हंजे खोटं हाय व्हय?" अव्वांनी विचारलं.

साहेबांच्या कपाळावर घाम आला. माझ्या एवढ्या वर्षांच्या सहवासात मी त्यांना असं सापडलेलं बघितलं नव्हतं. आजारी आहे म्हणावं तर मुलीचं लग्न मोडतं. नाही म्हणावं, तर ज्या कागदाच्या जोरावर ते आयुष्यभर ताठ मानेनं प्याले तो कागदच खोटा ठरतो, आणि खाली सही त्यांची. मुलगी घरी फोनजवळ बसली असेल, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"ताई," साहेब म्हणाले, "मला कसलाही आजार नाही. मी सरकारला खोटं सांगितलं. मला आवडते म्हणून घेतो. शनिवारी, दोन पेग."

अव्वांनी परवाना उलटा केला, पालटा केला. मग म्हणाल्या, "न घेता ऱ्हायलं तर?"

"परवाना जवळ नसेल तर मी घेत नाही. कधीच घेतलेली नाही."

"खरं?"

"खरं," बाईसाहेब पहिल्यांदाच बोलल्या. "एकदा हा घरी विसरला, तर ह्यांच्या सख्ख्या भावाच्या हळदीत हे पन्हं पीत बसले होते."

अव्वांनी परवाना पदराच्या टोकात बांधला आणि गाठ मारली. "मग ह्यो ऱ्हाऊ द्या माज्यापाशी. लगीन धरा."

साहेब म्हणाले, "दुसऱ्याचा परवाना जवळ ठेवायची तरतूद आहे का, ते बघावं लागेल." बाईसाहेबांनी त्यांना खाली बसवलं.

लग्न झालं, थाटात झालं. आणि साहेबांचे शनिवार कोरडे पडले. आम्ही परमिट रूममध्ये बसायचो, ते सोड्यात लिंबू पिळून कडक भाकरी मोडायचे. सगळ्यांनी त्यांना समजावलं. म्हटलं, अहो कोण विचारतंय? ते म्हणायचे, "कोण विचारत नाही म्हणून तर पाळायचं." मी सुचवलं की परवाना हरवला म्हणून अर्ज करा, दुसरा मिळतो. तर म्हणाले, "हरवलाय कुठं? कुठं आहे ते मला चांगलं माहीत आहे." आमचे ग्लास भरले जाताना ते मुद्दाम दुसरीकडं बघायचे. ते बघून मला वाईट वाटायचं. आवडीची एकच गोष्ट होती माणसाला.

मग नात झाली. पहिलं बारसं मुलीच्या माहेरी व्हायचं, पण अव्वांनी हट्टानं स्वतःच्या घरी ठेवलं. मीही गेलो होतो. सकाळी पोचल्या पोचल्या मी मागच्या दारी हातपाय धूत होतो, तेवढ्यात अव्वांनी साहेबांना तिथं बोलावलं. पदराची गाठ सोडली आणि परवाना त्यांच्या हातात ठेवला.

"अण्णा, आजचा दिस घ्या. नात झालीय. जेवनं झाली की मागं रानात जावा. मी काय बोलनार न्हाय."

साहेबांनी लॅमिनेशनवरची हळद पुसली. "विहीणबाई, पण इथं मिळणार कुठं? दुकान तर तुम्हीच बंद केलंय."

"ते मी बगते की," अव्वा म्हणाल्या आणि घाईनं आत गेल्या.

पाळणा सजला, बायकांनी पाळणे म्हटले, नाव ठेवून झालं. जेवणाच्या वेळी पुऱ्या कमी पडायला लागल्या. स्वयंपाकघरात बचतगटाच्या सगळ्या बायका राबत होत्या. त्यातली एक कणीक भिजवायला पिठाच्या डब्यात हात घालून उभी राहिली, आणि तशीच राहिली. हात बाहेर आला तो पिठानं पांढरी झालेली एक क्वार्टर घेऊन.

मी दारात ताट घेऊन उभा होतो. ज्या बायकांनी अव्वांच्या शब्दावर मतदानाला रांग लावली होती, त्या सगळ्या तिथं होत्या. "अव्वा, हे काय?" एकीनं विचारलं. अव्वांनी हातातली परात खाली ठेवली. त्यांच्या घरात, त्यांच्या डब्यात, बाटली. उद्या गावभर झालं असतं. त्यांची सारी पत त्या डब्यात होती.

"ती माझी आहे."

साहेब माझ्या मागनं आत आले. खिशातनं परवाना काढला, बायकांसमोर धरला. "सकाळी मीच ठेवली डब्यात. विहीणबाईंना माहीत नव्हतं. हा माझा परवाना."

मग त्या बायकांनी साहेबांना जे धुतलं, ते मी इथं सांगत नाही. नातीच्या बारशाला लाज कशी वाटली न्हाय, इथपासून सुरुवात झाली. साहेब मान खाली घालून "चुकलं, चुकलं" म्हणत राहिले. लेक दारात येऊन बघत होती, तिचे डोळे भरले. तिलाही ते खरंच वाटलं, असं मी तेव्हा धरून चाललो. अव्वांनी बाटली घेतली, परसात जाऊन ओतली. परत येऊन त्यांनी हात पुढं केला. "द्या तो कागद." आवाज नेहमीसारखा कडक होता, नजर मात्र त्यांनी वर केली नाही. साहेबांनी परवाना दिला आणि अव्वांनी पुन्हा गाठ मारली.

परतीच्या वाटेवर बाईसाहेब मागच्या सीटवर झोपून गेल्या. अक्कलकोट मागं पडल्यावर साहेबांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, "आपलाच ब्रँड होता रे. विहीणबाईंनी पोरीला विचारून आणला असणार."

मला राहवेना. "साहेब, लेकीच्या लग्नासाठी खोटं बोलला नाहीत. आज कसं बोललात?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू एवढी वर्षं त्यांच्या हाताखाली राहून मी काहीच शिकलो नाही.

"मग काय करणार?" ते म्हणाले. "त्यांच्याकडं परवाना नव्हता."